पेशीच्या काठावर

चांदी तेजाबात विरघळली की पाण्यासारखा दिसणारा एक द्रव तयार होतो. तो बोटाला लागला तर लगेच काही दिसत नाही. थोडा वेळ उजेडात गेला की कातडीवर काळे डाग उमटतात. ते साबणानं जात नाहीत. वरची कातडी झडून खालची नवी आली की जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत पैंजण, वाळे, जोडवी, घुंगरं घरोघरी घडतात, आणि चांदी शुद्ध करण्याच्या कामाशी तिथं ज्याचा संबंध आला त्याला हे डाग नवे नाहीत. त्या द्रवाचं नाव सिल्व्हर नायट्रेट. त्यातली चांदी कातडीतल्या प्रथिनांना धरून बसते आणि उजेडात पुन्हा धातू होते. मात्र ती इतक्या बारीक कणांची होते की चमकत नाही, काळी दिसते.

हाच काळा डाग 1862 मध्ये फ्रिडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं मुद्दाम पाडला. शरीरातल्या पातळ ऊतींना त्यानं सौम्य सिल्व्हर नायट्रेट लावलं, उजेड दाखवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सलग वाटणाऱ्या अस्तरावर काळ्या रेषांचं जाळं उमटलं होतं. दोन पेशी जिथं एकमेकींना भिडतात त्या फटीत चांदी साचली होती. म्हणजे ते अस्तर एकसंध नव्हतं, वेगवेगळ्या पेशींचं होतं, आणि प्रत्येक पेशीला आपला काठ होता. हुपरीच्या चांदीबद्दल आपण बाजारभावापासून कलाकुसरीपर्यंत पुष्कळ बोलतो. शरीरात एक पेशी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते हे माणसाला दाखवणाऱ्या पहिल्या पदार्थांत चांदी होती, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

पुढे चांदी आतड्यापर्यंत पोचली. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी चांदीचा क्षार आपल्या आपण काळा करतात, बाहेरून मदत लागत नाही, हे फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी 1914 च्या सुमारास दाखवलं. त्या पेशी सेरोटोनिन बनवतात हे आज माहीत आहे. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून तिथं, पोटात असतं. त्यातल्या पुष्कळशा पेशी अस्तरातल्या खोल खळग्यांच्या तळाकडे बसलेल्या सापडतात. तळाकडची ही जागा लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी शोधाशोध तिथंच आहे.

पण रेक्लिंगहाउझेननं पाहिला तो काठ नव्हता. त्याला दिसली ती काठालगतची फट. खरा काठ, म्हणजे पेशीपटल, साध्या सूक्ष्मदर्शकानं दिसूच शकत नाही. त्याची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर आहे. माणसाचा एक केस ऐंशी हजार नॅनोमीटर धरला, तर त्याच्या रुंदीत सोळा हजार पटलं शेजारी शेजारी मावतील. न दिसणाऱ्या या गोष्टीची रचना माणसानं कशी ओळखली, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं.

1925 साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतला सगळा मेद विरघळवून काढला आणि तो पाण्यावर पसरू दिला. मेदाचे रेणू पाण्यावर एकेरी थरात पसरतात. त्या थराचं क्षेत्रफळ त्यांनी मोजलं, पेशींच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढलं आणि दोन्ही ताडून पाहिली. मेदाचं क्षेत्रफळ दुप्पट भरलं. अर्थ एकच होता: पेशीभोवती मेदाचा थर दुहेरी आहे. पुढे कळलं की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं. शंभर वर्षं झाली, उत्तर टिकून आहे.

मग 1970 साली अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन केल्या. उंदराच्या पटलावरच्या प्रथिनांना एक रंग दिला होता, माणसाच्या प्रथिनांना दुसरा. जोडपेशी सुरुवातीला अर्धी या रंगाची, अर्धी त्या रंगाची दिसत होती. शरीराच्या तापमानाला चाळीस मिनिटं ठेवल्यावर दोन्ही रंग सगळीकडे सरमिसळ झाले. पटल घट्ट नव्हतं. त्यातली प्रथिनं इकडून तिकडे सरकत होती. दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र पूर्ण केलं: मेदाचा वाहता दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. शाळेच्या पुस्तकात आजही तेच चित्र आहे.

त्या चित्रात एक मोठी अडचण आहे, आणि ती आपल्या पोटातच आहे. आतड्याच्या पेशीला दोन तोंडं असतात. एक पोकळीकडे, जिथून अन्न जातं. दुसरं खाली, रक्ताकडे. पोकळीकडच्या तोंडावर हजारो सूक्ष्मांकुर उभे असतात आणि त्यांच्यावर साखर तोडणारी, प्रथिनं तोडणारी विकरं असतात. खालच्या तोंडावर वेगळी प्रथिनं असतात, कारण काम वेगळं आहे. चाळीस मिनिटांत सगळं मिसळत असेल तर हा भेद जन्मभर टिकतो कसा?

पहिलं उत्तर शेजाऱ्यांत आहे. पेशी एकमेकींना पोकळीच्या जवळ घट्ट सांध्यांनी बांधलेल्या असतात. हे सांधे पेशीभोवती पूर्ण फिरतात. पोकळीतलं पाणी आणि क्षार दोन पेशींच्या फटीतून सरळ आत जाऊ देत नाहीत, आणि वरच्या तोंडाची प्रथिनं खाली घसरू देत नाहीत. दुसरं उत्तर पटलाच्या आत आहे, आणि तिथं कर्करोगाचा विषय येतो.

त्या उत्तराकडे जाण्याआधी अस्तराचीच एक गोष्ट: आतड्याचं अस्तर शरीरात सर्वांत वेगानं बदलणाऱ्या ऊतींपैकी आहे. तीन ते पाच दिवसांत बहुतेक पेशी झडतात आणि खालून नव्या येतात. त्या येतात खळग्यांच्या तळातून. तिथं काही थोड्या मूलपेशी बसलेल्या असतात. त्या विभागतात, त्यांच्या लेकी वर सरकतात, सरकता सरकता काम शिकतात, टोकाला पोचतात आणि गळून पडतात. या मूलपेशी नेमक्या कोणत्या, हे 2007 साली हॉलंडमध्ये हान्स क्लेवर्स आणि निक बार्कर यांनी दाखवलं. त्यांनी एलजीआर-5 हे पटलावरचं एक प्रथिन धरलं. ते बनवणाऱ्या पेशींना कायमची खूण केली आणि वाट पाहिली. काही महिन्यांनी खळगीच्या तळापासून वरच्या टोकापर्यंत संपूर्ण पट्टा त्या खुणेचा झाला होता. उंदराच्या एका खळगीत अशा पेशी पंधराच्या आसपास असतात. 2009 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी योग्य द्रवात वाढवली, तर तिच्यातून खळग्यांसकट छोटं आतडं उभं राहिलं. एका पेशीत आतड्याचा सगळा आराखडा असतो, हे मी कितीही वेळा वाचलं तरी मला पुन्हा थांबून वाचावंसं वाटतं.

कर्करोगाच्या गाठीतही असंच असेल का? गाठीतल्या कोट्यवधी पेशींत नवी गाठ उभी करण्याची ताकद थोड्याच पेशींत असेल आणि बाकीच्या त्यांच्या लेकी असतील, तर उपचार कुणावर करायचा हे बदलतं. रक्ताच्या कर्करोगात हे कॅनडात जॉन डिक यांनी 1990 च्या दशकात दाखवलं होतं. घन गाठींतला एक सुरुवातीचा पुरावा पुण्यातून आला. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटात साचलेल्या पाण्यातून पेशी घेतल्या, त्या एकेक करून वाढवल्या आणि त्यांतून गाठ करणारी पेशी वेगळी काढली. तो निबंध 2005 साली प्रसिद्ध झाला. असं काम महाराष्ट्रात एकाएकी उगवत नाही. मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे 1949 मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हीला नावाची पेशी-शाखा वाढवणारे ते हेच. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचेवर, पेशी जिवंत ठेवता येणं ही पुढच्या सगळ्याची पूर्वअट होती.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा शोध 2007 साली लागला. टोरांटोत डिक यांच्या गटानं आणि रोममध्ये रुज्जेरो द मारिया यांच्या गटानं एकाच वेळी, एकाच नियतकालिकात. दोघांनीही पेशी निवडायला सीडी-133 नावाचं पटलावरचं प्रथिन वापरलं. टोरांटोच्या हिशेबात गाठीतल्या सरसकट 57,000 पेशींमागे एक पेशी उंदरात नवी गाठ करू शकत होती. सीडी-133 असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या तर 262 मागे एक. दोनशे पटींहून अधिक फरक. रोममध्ये असं प्रथिन असलेल्या पेशी गाठीत सरासरी अडीच टक्के निघाल्या. जगभर उत्साह पसरला, आणि सीडी-133 ही कर्करोगाच्या मूलपेशीची ओळख ठरली.

हुपरीत दागिन्यावर शिक्का असतो आणि टंच वेगळा काढतात. शिक्का डोळ्याला दिसतो, पण आत चांदी किती आहे ते टंच काढल्यावरच कळतं. सीडी-133 हा शिक्का होता, आणि पुष्कळांनी त्यालाच टंच मानलं. 2008 मध्ये न्यूयॉर्कमधल्या शाहीन रफी यांच्या गटानं उंदरांत हे प्रथिन जिथं जिथं बनतं तिथं खूण उमटेल अशी सोय केली. मोठ्या आतड्यात ते केवळ मूलपेशींत नव्हतं. वरच्या, पूर्ण वाढलेल्या पेशींतही सर्रास होतं. यकृतात पसरलेल्या माणसाच्या गाठींतून सीडी-133 असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पेशींनी उंदरात नव्या गाठी केल्या.

मग आधीचे प्रयोग खोटे होते का? नाही. 2010 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये यान पाउल मेडेमा यांच्या गटानं हा गुंता थोडा सोडवला. सीडी-133 शोधायला जो प्रतिपिंड सर्वांत जास्त वापरला जात होता, तो त्या प्रथिनाच्या एका ठरावीक भागालाच धरतो. पेशीचं मूलपण गेलं, ती कामाला लागली, तरी प्रथिन पटलावर राहतंच. पण त्याची घडी आणि त्यावरच्या साखरेच्या साखळ्या बदलतात, आणि प्रतिपिंड जिथं धरतो तो भाग झाकला जातो. प्रथिन तेच, जागा तीच, फक्त बसणं बदललं. पेशीची ओळख त्या बदललेल्या बसण्यात होती. हे वाचल्यावर मला पेशीपटलाकडे पाहण्याची आपली सगळी रीतच अपुरी वाटू लागली: आपण पटलावर काय आहे याची यादी करत होतो, आणि ते कसं व कुणाशेजारी बसलंय हे विचारत नव्हतो.

सीडी-133 चा इतिहासही तेच सांगतो. 1997 मध्ये दोन गटांना ते एकमेकांच्या नकळत सापडलं. अमेरिकेत माणसाच्या रक्ताच्या मूलपेशींवर, आणि जर्मनीत हायडेलबर्गला वीलांट हुट्नर व डेनी कोर्बे यांना उंदराच्या मेंदूच्या घडणाऱ्या पेशींवर. जर्मन गटाला त्याची एक विलक्षण सवय दिसली. पटल जिथं सपाट आहे तिथं ते नव्हतंच. जिथं पटल उंचावून अंकुर बनलंय, तिथंच ते होतं. त्यांनी त्याला प्रॉमिनिन म्हटलं. 2000 साली भारतातल्या एका कुटुंबात लहानपणापासून दृष्टी जाण्याचं कारण याच प्रथिनाच्या जनुकातला दोष आहे, हे उघड झालं. डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशीत पटलाच्या शेकडो चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या घडवायला प्रॉमिनिन लागतं. एकाच प्रथिनात एका कुटुंबाची दृष्टी गुंतलेली आणि गाठीतल्या मूलपेशींचा मागही.

त्याच वर्षी कोर्बे आणि हुट्नर यांच्या गटानं दाखवलं की प्रॉमिनिन कोलेस्टेरॉलला थेट चिकटतं. पेशीतलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं की प्रॉमिनिन अंकुरांवरून सुटून सगळीकडे पसरलं. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला रक्ताचा अहवाल आणि हृदयविकार आठवतो. पण पटलाला ते हवंच असतं. मेदाच्या वाहत्या थरात कोलेस्टेरॉल आणि काही खास मेद एकत्र जमले की तिथं थोडी घट्ट, वेगळ्या गुणाची जागा तयार होते. काही प्रथिनं तिथंच थांबतात. काई सिमोन्स आणि एलिना इकोनेन यांनी 1997 मध्ये या जागांना लिपिड राफ्ट, मेदाचे तराफे, म्हटलं. चाळीस मिनिटांत सगळं मिसळत असतानाही काही गोष्टी जागेवर का राहतात, याचं दुसरं उत्तर इथं आहे.

या तराफ्यांना रंग द्यायचं साधन पटकीनं दिलं. पटकीचे जंतू विष सोडतात, हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये सिद्ध केलं. ते विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-1 या साखर लागलेल्या मेदाला पाच हातांनी धरतं, आणि जीएम-1 तराफ्यांत असतो. विषाचा निरुपद्रवी भाग काढून त्याला चमकणारा रंग जोडला की तराफे दिसू लागतात. पंढरीच्या वाटेवर ज्या रोगानं पिढ्यान् पिढ्या माणसं नेली, त्याच्याच विषानं आज पेशीचा काठ तपासतात. एक अडचण आहे: पाच हातांनी धरणारा रेणू विखुरलेल्या जीएम-1 ला स्वतःच एकत्र ओढतो. त्यामुळं दिसलेला पुंजका आधीपासूनचा की मोजताना झालेला, यावर बरीच भांडणं झाली. ती व्हायलाच हवी होती.

या भांडणात भारतातून मोलाचं काम झालं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रजत वर्मा यांच्यासोबत 1998 मध्ये, आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांच्याबरोबर, एका जातीच्या पटल-प्रथिनांचे पुंजके मोजले. ते मोठे तराफे नव्हते. दोन-चार रेणूंचे, अगदी लहान. ते आपोआपही जमत नव्हते. पटलाच्या खाली ॲक्टिनचे तंतू ऊर्जा खर्चून त्यांना जमवत होते. पटल नुसतं वाहणारं नसून पेशी ते सतत रचत असते, हे त्यांच्या कामातून पुढं आलं.

कोर्बे-हुट्नर यांच्या कामात आणखी एक बारकावा होता. प्रॉमिनिनचे तराफे आणि इतर प्रथिनांचे नेहमीचे तराफे एकच नव्हते. पेशीच्या त्याच तोंडावर ते वेगवेगळ्या जागी होते. पुढे 2011 मध्ये रक्ताच्या मूलपेशींत दिसलं की पेशी मूलपण सोडून वाढायला लागली की प्रॉमिनिन असलेले पटलाचे बारीक बुडबुडे बाहेर टाकते. जणू त्या जागेची तिला गरज उरत नाही.

पचनमार्गाच्या कर्करोगांत पटलावरच्या प्रथिनांच्या सोबतीची अशी उदाहरणं अनेक सापडली आहेत. हायडेलबर्गच्या मार्गोट त्सॉलर यांच्या गटानं 2007 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात चार प्रथिनं एकत्र बसलेली दाखवली: इपकॅम, क्लॉडिन-7, सीडी-44 चा एक बदललेला प्रकार आणि टेट्रास्पॅनिन कुळातलं एक. इपकॅम आणि सीडी-44 दोन्ही मूलपेशींच्या खुणा म्हणून गाजलेली. एकेकटी असताना त्यांचं वागणं वेगळं, चौघं एकत्र आल्यावर वेगळं. एकत्र आली की गाठ जास्त पसरते. जपानमध्ये हिदेयुकी साया यांच्या गटानं 2011 मध्ये जठराच्या कर्करोगात याहून ठोस गोष्ट दाखवली. सीडी-44 चा बदललेला प्रकार पटलात एका शेजाऱ्याला, सिस्टीन आत आणणाऱ्या वाहकाला, धरून ठेवतो. त्यामुळं पेशीला ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल मिळतो आणि ती विषारी ऑक्सिजन-रेणूंचा मारा सोसते. सीडी-44 नसेल तर वाहक पटलावर टिकत नाही. इथं खूण ही नुसती खूण राहत नाही. शेजाऱ्याला जागेवर ठेवणं हेच तिचं काम आहे.

मूलपेशींवरच घाव घातला तर? 2017 मध्ये अमेरिकेत फ्रेडेरिक द सोवाज यांच्या गटानं उंदरांतल्या आतड्याच्या गाठीतून एलजीआर-5 असलेल्या सगळ्या पेशी मारल्या. मूळ गाठ वाढायची थांबली, पण विरली नाही. मारणं थांबवल्यावर उरलेल्या पेशींतून पुन्हा एलजीआर-5 असलेल्या पेशी तयार झाल्या. यकृतात पसरण्यासाठी मात्र त्या पेशी अत्यावश्यक ठरल्या. मूलपण हे कायमचं पद नव्हतं. पेशी ते सोडते आणि परतही घेते. त्यामुळं एकच खूण पकडून सगळी गाठ संपवण्याची आशा मला तरी आता भाबडी वाटते.

हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटत असेल, तर कोल्हापुरातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल पाहा. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला सीईए ही रक्ताची तपासणी ओळखीची असते. सीईए 1965 मध्ये माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना सापडलं. ते पटलाला टांगून असलेलं प्रथिन आहे आणि निरोगी आतड्यातही असतं. पण तिथं ते पेशीच्या पोकळीकडच्या तोंडावरच असतं. सुटलं की शौचावाटे निघून जातं, रक्तात नगण्य येतं. कर्करोगात पेशींची वर-खाली ही दिशाच हरवते, सीईए पटलाच्या सगळ्या बाजूंनी बसतं आणि रक्तात उतरतं. अहवालातल्या आकड्यामागं नवं प्रथिन असेलच असं नाही; बऱ्याचदा जुनंच प्रथिन चुकीच्या तोंडावर आलेलं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांतही सीईए थोडं वाढतं आणि सुरुवातीच्या कर्करोगात ते वाढेलच असं नसतं. म्हणून ही तपासणी कर्करोग शोधायला नसून, शस्त्रक्रियेनंतर तो परत येतोय का हे पाहायला वापरतात. शौचात रक्त जात असेल, किंवा विनाकारण रक्त कमी होत असेल, तर सीईए ठीक आलं म्हणून कुणी निवांत बसू नये. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा खूप कमी आहे, हे बार्शीला 1987 पासून चालू असलेल्या, देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीनं दाखवलंय. पण कमी असला तरी तो आहे.

जठराच्या कर्करोगात पटलावरच्या जागेला अहवालात थेट महत्त्व आलंय. हर-2 हे प्रथिन पाहण्यासाठी गाठीच्या काढलेल्या तुकड्यावर तपकिरी रंग आणतात. स्तनाच्या कर्करोगात रंग पेशीभोवती पूर्ण फिरला असेल तरच तो ठळक मानतात. जठरात तोच नियम लावला तर पुष्कळ रुग्ण सुटतात, कारण तिथली पेशी आपलं दोन तोंडांचं रूप काही अंशी टिकवते आणि हर-2 पोकळीकडच्या तोंडावर नसतं. म्हणून तिथं वरची बाजू उघडी असलेली, खाली आणि दोन बाजूंना उमटलेली रेषाही पूर्ण गुण मिळवते. हा वेगळा नियम करूनच ट्रास्टुझुमॅब हे हर-2 ला धरणारं औषध जठराच्या रुग्णांना देता आलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यानं सरासरी आयुष्य सुमारे 11 महिन्यांवरून 14 च्या जवळ नेलं.

आणि क्लॉडिन-18.2. हे जठराच्या पेशींना बांधणाऱ्या घट्ट सांध्यांतलं प्रथिन. निरोगी जठरात ते सांध्यात दडलेलं असतं, बाहेरून आलेल्या प्रतिपिंडाला सहज सापडत नाही. कर्करोगात सांधे विस्कटतात आणि तेच प्रथिन पेशीच्या उघड्या पटलावर येतं. झोल्बेटुक्सिमॅब हे औषध नेमकं त्यालाच धरतं. 2024 मध्ये आधी जपाननं आणि मग अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. सगळ्यांना ते देत नाहीत. तुकड्यातल्या किमान 75 टक्के कर्कपेशींच्या पटलावर रंग मध्यम किंवा ठळक दिसायला हवा. चाचण्यांसाठी तपासलेल्या रुग्णांत असे सुमारे 38 टक्के निघाले. मुख्य चाचणीत केमोथेरपीसोबत हे औषध मिळालेल्यांचं सरासरी आयुष्य 15.5 महिन्यांवरून 18.2 वर गेलं. अडीच-पावणेतीन महिने. थोडे आहेत, पण ते पटलाची मोडलेली रचना वाचून मिळवलेले आहेत.

या औषधानं मळमळ आणि उलट्या होतात, पहिल्या फेऱ्यांत जास्त. निरोगी जठरातही क्लॉडिन-18.2 असतंच, आणि तिथले सांधे पूर्ण बंद नसतात. म्हणून डॉक्टर आधी उलट्या थांबवणारी औषधं देतात, पहिली मात्रा सावकाश सोडतात, आणि त्रास वाढला तर वेग आणखी कमी करतात.